काळीतले घर

आमच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ओढा ओलांडण्यापूर्वी, एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन घरे दिसतात. त्यांतले पहिले तीन पिढ्यांपूर्वीचे आहे. मातीच्या भिंती, वर पत्रा, पुढे गोठा आणि मागे कडब्याची गंज असे ते घर उभारताना कोणी कोणाकडे दरखास्त केली नव्हती आणि नंतरही त्याला कोणी हरकत घेतली नाही. दुसरे घर त्याच भावकीतल्या एका शिक्षकाने सेवानिवृत्तीनंतर बांधावयास घेतले. ते जोत्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले, कारण कर्ज देणाऱ्या बँकेने बिनशेतीचा आदेश मागितला आणि पाठोपाठ महसूल खात्याची नोटीसही दारी आली. जमीन वडिलोपार्जित, पैसा आयुष्यभराच्या कष्टाचा, विटा आणि सिमेंट रोख विकत आणलेले. मग स्वतःच्या रानात स्वतःच्या डोक्यावर छप्पर घालण्यासाठी दुसऱ्या कोणाची अनुज्ञा का लागावी, आणि लागतच असेल तर ती शेजारच्या घराला का लागली नाही, हा त्या शिक्षकाचा प्रश्न होता. महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांना तोच प्रश्न पडतो. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे हे खरे. परंतु ते समजून घेण्याची सुरुवात पुस्तकापासून न करता गावाच्या मातीपासून केलेली बरी.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या गावाचे दोन भाग मानले जात. जिथे पिढ्यान्‌पिढ्या भिंती उभ्या राहिल्या, पावसात खचल्या, त्यांच्याच मातीवर पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यायोगे जिची माती पांढुरकी झाली, ती वस्तीची जागा म्हणजे पांढरी. आणि तिच्या सभोवार पसरलेली, नांगराखालची जमीन ती काळी. माणसाने राहावे पांढरीत आणि पिकवावे काळीत, हा संकेत इतका जुना आणि इतका अंगवळणी पडलेला होता की त्यासाठी निराळा हुकूम काढण्याची गरज कोणाला भासली नाही. सरकारचा मुख्य महसूल काळीतून येई. पांढरीकडे वसुलीच्या दृष्टीने फारसे पाहिले जात नसे.

इंग्रजी अमलात या संकेताला मोजमापाचे रूप आले. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी पाहणी केली आणि जिची पद्धत पुढे सबंध मुंबई इलाख्यात गेली, तिने प्रत्येक शेताला क्रमांक दिला, हद्दीवर दगड बसविले, मातीची प्रत ठरविली आणि त्या प्रतीच्या हिशेबाने ३० वर्षांसाठी सारा बांधून दिला. या मोजणीत वस्तीची जागा शेतांच्या क्रमांकांतून वेगळी ठेवली गेली, आणि कागदावर तिचे नाव राहिले गावठाण. काळी आणि पांढरी यांच्या मधली जी रेघ आतापर्यंत लोकांच्या मनात होती, ती अशा रीतीने नकाशावर उमटली. आणि आज दीडशे-दोनशे वर्षांनंतरही, शेतात घर बांधू पाहणाऱ्याला प्रथम त्याच रेघेशी सामना करावा लागतो.

सारा पिकाच्या हिशेबाने ठरलेला असल्यामुळे एक गोष्ट ओघानेच आली. ज्या शेताचा आकार ज्वारीच्या उत्पन्नावर बसविला आहे, त्या शेतात कोणी वखार घातली किंवा चाळ बांधून भाडे घेऊ लागला, तर सरकारने ज्वारीचाच सारा घेऊन का थांबावे? म्हणून १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने असे ठरविले की, शेतीसाठी आकारलेली जमीन अन्य कारणासाठी वापरावयाची झाल्यास कलेक्टरची परवानगी घेतली पाहिजे. आगगाडीचे तिकीट एका स्थानकापर्यंतचे काढलेले असावे आणि प्रवाशाला पुढे जायचे असावे, अशातलाच हा प्रकार आहे. पुढे जाण्यास मनाई नाही, मात्र आधी सांगावे लागते आणि फरकाची रक्कम भरावी लागते. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ तयार झाला, तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला, आणि त्याच्या ४२ व्या कलमात हेच तत्त्व कायम राहिले. लोक ज्याला ‘एनए करणे’ म्हणतात, कागदावर ज्याला ‘बिनशेती’ किंवा ‘अकृषिक’ असे नाव आहे, त्याचे मूळ इतके साधे आहे.

आज शेतसाऱ्याची रक्कम नाममात्र उरली आहे, म्हणून परवानगीही नाममात्र झाली असे मात्र नाही. तिचे कारण बदलले आहे. घर उभे राहिले की त्याला रस्ता लागतो, पिण्याचे पाणी लागते, सांडपाण्याला वाट लागते. शंभर घरे शंभर शेतांत विखुरली तर या सोयी कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यात राहत नाहीत, आणि पिकाची चांगली जमीन तुकड्यातुकड्यांनी नाहीशी होते ती वेगळीच. म्हणून महसुलाच्या जुन्या प्रश्नाला नगररचनेचा नवा प्रश्न येऊन मिळाला, आणि ‘परवानगी’ या एका शब्दाच्या पोटात तीन निराळे प्रश्न एकत्र झाले. जमीन कोणाची आहे? ती कोणत्या वापरासाठी आहे? तिच्यावर कसे आणि किती बांधता येईल? पहिल्याचे उत्तर गावाच्या दप्तरात असते, दुसऱ्याचे महसूल अधिकाऱ्याकडे आणि तिसऱ्याचे नगररचना कार्यालयात. बहुतेक माणसे तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात, कारण घराचा नकाशा काढून घेण्यात आनंद असतो. आणि बहुतेक प्रकरणे अडतात ती पहिल्या प्रश्नावर.

आजोबांची वस्ती बेकायदा होती काय?

ओढ्याकाठच्या त्या जुन्या घराला कोणी हरकत घेतली नाही, यात अधिकाऱ्यांची डोळेझाक नव्हती. शेतकऱ्याला रानात राहावे लागते, हे कायद्यालाही मान्य आहे. अधिनियमाच्या ४१ व्या कलमाप्रमाणे शेतजमीन धारण करणाऱ्याला तिच्यावर विहीर खणता येते, ताल घालता येतात आणि शेतघरही बांधता येते. शेतघर म्हणजे काय, याचीही व्याख्या दिलेली आहे: अवजारे, खत आणि वैरण ठेवण्याची जागा, धान्य साठविण्याची जागा, गुरांचा गोठा, आणि जमीनधारकाचे कुटुंबीय, त्याचे गडी किंवा कुळे यांचे राहण्याचे ठिकाण. शेतीला जोडून, शेतीसाठी असलेले हे बांधकाम काळीचाच भाग मानले गेले. त्याने जमिनीचा वापर बदलत नाही.

तथापि शहरे वाढू लागली तेव्हा शेतघराच्या नावाखाली बंगले उठू लागले, आणि म्हणून मोठ्या शहरांच्या व नगरपालिकांच्या भोवतालच्या ठरावीक अंतरात, तसेच प्रादेशिक योजनेखालील क्षेत्रात, शेतघरालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. अशा क्षेत्रात धारण जमीन ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे सुमारे एक एकरापेक्षा, कमी असेल तर ही परवानगी मिळत नाही. तळमजल्यावर दुसरा मजला चढविता येत नाही, जोत्यापासूनची उंची ५ मीटरच्या आत ठेवावी लागते, आणि राहण्याच्या भागाच्या जोत्याचे क्षेत्र १५० चौरस मीटरपलीकडे जाऊ शकत नाही. खरोखरी शेती करणाऱ्या कुटुंबाला एवढी जागा पुरेशी आहे. ज्याला रानात राहून रान कसायचे आहे, त्याने बिनशेतीच्या लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी शेतघराची ही जवळची वाट आपल्याला पुरते का, हे अवश्य पाहावे. मात्र पुढे ते घर विकणे, भाड्याने देणे किंवा त्यावर मोठे गृहकर्ज काढणे मनात असेल, तर शेतघराचा आधार तोकडा पडतो, हेही त्याच वेळी ध्यानात घ्यावे. शिक्षकाचे घर अडले ते येथेच. त्याला दुमजली घर हवे होते, कर्ज हवे होते, आणि शेत तर त्याने वाट्याने लावलेले होते.

गावठाणाभोवतीची २०० मीटर ओल

गावे वाढली, पण गावठाणाची हद्द अनेक ठिकाणी जुन्या मोजणीची तशीच राहिली. पन्नास उंबऱ्यांसाठी आखलेल्या पांढरीत पाचशे उंबरे मावणार कसे? लोक हद्दीबाहेर, लगतच्या शेतांत घरे बांधीत राहिले आणि गावोगावची निम्मी वस्ती कागदावर शेतीतच राहिली. या वस्तुस्थितीची दखल घेऊन २०१७ साली अधिनियमात काही नवी कलमे घालण्यात आली, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने त्यांतले ४२-ड हे कलम सर्वांत मोलाचे आहे. विहिरीच्या काठाला जशी काही हातांपर्यंत ओल असते, तशी गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला पांढरीची ओल आहे असे या कलमाने मानले; अशी जमीन निवासी वापरासाठी रूपांतरित झाली आहे असे कायद्यानेच समजावयाचे, आणि धारकाने रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि असल्यास नजराणा एवढे भरले की तहसीलदाराने त्याला तसे प्रमाणपत्र, म्हणजे सनद, द्यावयाची. त्यासाठी बिनशेती परवानगीची स्वतंत्र दरखास्त करण्याचे कारण नाही.

मात्र येथे एक चूक वारंवार होते. ही २०० मीटर गावातल्या शेवटच्या घरापासून मोजावयाची नसतात; ती मोजावयाची गावठाणाच्या अधिकृत हद्दीपासून, आणि ती हद्द दिसते भूमी अभिलेख खात्याच्या नकाशावर. शेवटचे घर स्वतःच हद्दीबाहेर असू शकते. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर न विसंबता नकाशाची नक्कल काढून आपला गट त्यावर दाखवून घ्यावा. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी या गावी प्रथम ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली, आणि तेथून पुढे राज्यभर गावठाणांचे नकाशे व घराघरांच्या मिळकत पत्रिका तयार करण्याचे काम सुरू झाले. ज्या गावी ते पूर्ण झाले आहे तेथे हद्द शोधण्याचे काम बरेच सोपे झाले आहे.

त्याच सुमाराच्या ४२-ब आणि ४२-क या कलमांचा आशयही असाच आहे. शहराच्या विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत जी जमीन आधीच निवासी विभागात दाखविली आहे, तिच्या वापराचा निर्णय सरकारने योजना करतानाच घेतलेला असतो. तोच निर्णय पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे मागावयास लावणे व्यर्थ होय. अशा जमिनीला बिनशेतीची स्वतंत्र परवानगी लागत नाही. रकमा भरून नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी घेतली म्हणजे पुरे. आपली जमीन कोणत्या विभागात पडते, हे सांगणारा ‘झोन दाखला’ नगररचना कार्यालयात मिळतो. सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत स्वस्त कागद, आणि तोच लोक सर्वांत शेवटी काढतात. तो आधी काढला तर पुष्कळांना कळून येईल की ज्या दारावर आपण धडका देत होतो ते उघडेच होते. आणि काहींना असेही कळेल की आपली जमीन शेती विभागात किंवा एखाद्या रस्त्याच्या आरक्षणात आहे, तेव्हा नकाशावर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

जमीन कोणाची?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. माझ्या मते परवानगीची दहा प्रकरणे रखडत असतील, तर त्यांतल्या बहुसंख्य प्रकरणांचे कारण कचेरीत नसून घरात असते, आणि त्या कारणाचे नाव ‘तोंडी वाटणी’.

एखाद्या घराचा सातबारा उघडून पाहावा. वर आजोबांचे नाव, ते वारल्यावर लागलेली थोरल्या चुलत्याची नोंद आणि तिच्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्यांचा अर्थ. म्हणजे चुलते मालक नव्हेत. सर्व कुटुंबाच्या वतीने त्यांचे नाव लावलेले आहे. प्रत्यक्षात भावांनी पंचवीस वर्षांपूर्वी पंचांसमक्ष बांध घालून रान वाटून घेतलेले असते, प्रत्येक जण आपापले कसत असतो, कोणाचा कोणाशी तंटा नसतो. आणि तरीही कागदाच्या दृष्टीने त्या बांधांना अस्तित्वच नसते. धाकट्या भावाचा मुलगा ‘माझ्या वाट्याच्या’ दहा गुंठ्यांत घर बांधण्याची परवानगी मागावयास जातो, तेव्हा कचेरी त्याला विचारते की, तुझा वाटा कोणता? त्याला बोटाने दाखविता येतो, कागदाने नाही.

आमच्या स्वतःच्या घरातही हेच घडले. आजोबांना जाऊन तीस वर्षे झाली होती आणि तीन आत्यांची नावे वारस म्हणून कधी लागलीच नव्हती. त्यांना डावलावे असे कोणाच्याही मनात नव्हते, केवळ कोणी तलाठ्याकडे गेले नव्हते. घराचा प्रश्न निघाला तेव्हा प्रकरण तीनदा परत आले, आणि तोवर एक आत्या निवर्तली होती, तिची मुले तीन गावांत पांगली होती. ज्या कामाला तिच्या हयातीत एका दिवसाचा वेळ लागला असता, त्याला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत माझ्या वडिलांनी घराचे स्वप्न सोडून दिले, ही गोष्ट मला आजही बोचते, आणि हा लेख लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

मुलींच्या हक्काविषयी तर कोणताही संदेह राहिलेला नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो सबंध देशात आला. आणि त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला आहेच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा बहिणींच्या संमतीवाचून शेताचा प्रश्न सुटेल, अशी आशा कोणी बाळगू नये. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे; हवा असेल तर तो तिला सन्मानाने द्यावा. तिला न विचारता ‘ती काही मागणार नाही’ असे गृहीत धरणे, हे नात्यालाही शोभत नाही आणि कायद्यालाही चालत नाही.

वाटणी कागदावर आणण्याचा राजमार्ग अधिनियमाच्या ८५ व्या कलमात आहे. सर्व सहधारक एकमताने तहसीलदाराकडे गेले तर तो जमिनीचे वाटप करून देतो, मोजणी होते, पोटहिस्से पडतात आणि प्रत्येकाचा निराळा सातबारा निघतो. कोणी हक्कच नाकारला तर मात्र दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तिथला काळ वर्षांत मोजतात.

एकमत झाले तरी एक अडसर राहतो, तो तुकडेबंदीचा. १९४७ च्या कायद्याने शेतीचे ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यास बंदी घातली आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरले. समजा, दोन भाऊ आणि एक बहीण यांची मिळून एक एकर जिरायत आहे. एकर म्हणजे ४० गुंठे. तिघांत वाटले तर प्रत्येकाला १३ गुंठ्यांच्या आसपास येतात, आणि १३ हे २० पेक्षा कमी असल्यामुळे शेती म्हणून अशी वाटणी होऊ शकत नाही. दोघांनी २०-२० गुंठे घ्यावेत आणि तिसऱ्याला त्याच्या हिश्शाचे मोल रोख द्यावे, हा मार्ग कायद्यानेच सुचविलेला आहे. किंवा जमीन सामाईक ठेवून, सर्वांच्या संमतीने ठरावीक जागेपुरती बिनशेतीची परवानगी मागावी. शासकीय घरकुल योजनेच्या लाभार्थ्याला लहानशा जागेपुरती सवलतही २०२४ पासून मिळाली आहे. नियम कठोर वाटला तरी त्यामागचा हेतू वाईट नाही. ज्या तुकड्यात नांगर वळत नाही त्या तुकड्याची शेती होत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको.

> चौकट : कागदांवरचे शब्द
>
> सातबारा हा गाव नमुना ७, म्हणजे हक्कांची नोंद, आणि गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंद, यांचा जोड-उतारा. आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातल्या सर्व जमिनी एकत्र दिसतात.
>
> फेरफार म्हणजे हक्क बदलल्याची नोंद. ती घेतल्यावर हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती पक्की होते.
>
> भोगवटादार वर्ग १ म्हणजे जिच्या हस्तांतरणावर निर्बंध नाही अशी जमीन. वर्ग २ म्हणजे शर्तीने मिळालेली, जिच्यासाठी आधी सरकारची संमती व बहुधा नजराणा लागतो अशी.
>
> क प्रत म्हणजे मोजणी झाल्यावर भूमी अभिलेख खात्याकडून मिळणारी नकाशाची प्रत. सनद म्हणजे जमीन बिनशेती झाल्याचा अंतिम दाखला.
>
> ग्राम महसूल अधिकारी हे तलाठ्याचे २०२४ पासूनचे नाव. गावात मात्र अजून तलाठीच म्हणतात.

चौकटीतल्या वर्ग २ विषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण या अक्षरांकडे दुर्लक्ष करून कित्येकांनी हात पोळून घेतले आहेत. पूर्वीची वतने, सरकारने भूमिहीनांना दिलेल्या जमिनी, कूळ कायद्याखाली मिळालेल्या जमिनी अशा निरनिराळ्या उगमांच्या जमिनी या वर्गात येतात, आणि प्रत्येकीची शर्त निराळी असते. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली, आणि त्यांच्या सातबाऱ्यावर कूळ कायद्याच्या ४३ व्या कलमाचा शेरा बसला. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे लोटली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून या निर्बंधातून मोकळे होण्याची सोय झाली. शेतसारा रुपयांत मोजण्याइतका अल्प असल्यामुळे ही रक्कम अगदी किरकोळ भरते; तरीही अनेक सातबाऱ्यांवर तो शेरा अद्याप तसाच आहे. वतनाच्या किंवा सरकारने दिलेल्या जमिनीचे असे नसते. तिचा नजराणा मोठा असू शकतो. म्हणून शेरा कशाचा आहे हे जुन्या फेरफारापर्यंत मागे जाऊन पाहावे लागते.

दरखास्तीचा प्रवास

नाव, वाटा आणि शर्त यांचा उलगडा झाला की पुढचा मार्ग, लांब असला तरी सरळ आहे. गावठाणाची किंवा योजनेची सवलत जिला लागू होत नाही अशा जमिनीसाठी ४४ व्या कलमाखाली अर्ज करावयाचा. त्यासोबत ताजा सातबारा आणि आठ-अ, संबंधित फेरफारांच्या नकला, मोजणीची क प्रत, झोन दाखला, परवानाधारक वास्तुविशारदाने काढलेला बांधकामाचा आराखडा आणि सामाईक खाते असल्यास सहधारकांची संमतिपत्रे जोडावी लागतात. अर्जाची पोच सात दिवसांत मिळावयास हवी. ती पोच जपून ठेवावी, कारण तिच्यावरच्या तारखेला पुढे महत्त्व येते: पोच दिल्यापासून ९० दिवसांत निर्णय कळविला गेला नाही, तर परवानगी मिळाली असे कायदा समजतो. हिला ‘मानीव परवानगी’ म्हणतात. परंतु या सोयीवर भिस्त ठेवून जोते खणावयास घेणे शहाणपणाचे नाही. अर्ज अपुरा असेल तर तो परत केला जातो आणि दिवस मोजणे थांबते, आणि मानीव असली तरी परवानगी नियमांच्या बाहेर जाऊ शकत नाही.

या नव्वद दिवसांत कागद फिरत असतो तो निरनिराळ्या खात्यांची मते घेण्यासाठी. लग्न ठरविताना आपण जसे चार ठिकाणी चौकशी करतो, तशीच ही चौकशी समजावी. जमीन कोणत्या प्रकल्पासाठी संपादनात आहे काय? तिच्यावरून विजेची उच्च दाबाची वाहिनी गेली आहे काय? नदीकाठी असेल तर ती निळ्या पूररेषेच्या आत पडते काय? निळी रेषा म्हणजे सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. निळ्या रेषेच्या आत घर बांधू न देण्यात सरकारचा काही स्वार्थ नाही. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठच्या लोकांनी २००५ आणि २०१९ साली जे भोगले, ते ज्याने पाहिले आहे तो या रेषेबद्दल तक्रार करणार नाही. हमरस्त्यालगत शेत असेल तर इमारत रेषेचा प्रश्न येतो. मोकळ्या प्रदेशातल्या राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून सर्वसाधारणपणे ४० मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही, आणि ७५ मीटरपर्यंत ते नियंत्रणाखाली असते.

या चौकशीत सर्वांत अधिक प्रकरणे अडतात ती मात्र घरापर्यंतच्या वाटेवर. चुलत्याच्या बांधावरून बैलगाडी जाते, तिला कधी कोणी अडविले नाही, म्हणून आपल्याला रस्ता आहे, असे आपण धरून चालतो. पण बैलगाडीची वाट ही शेतीच्या वहिवाटीची वाट आहे. घरासाठी कागदावर दिसणारा, पुरेशा रुंदीचा रस्ता दाखवावा लागतो. चुलते हयात आहेत आणि मने जुळलेली आहेत, तोवरच रस्त्यापुरत्या जागेचा नोंदणीकृत करार करून घेणे इष्ट. पुढच्या पिढीत ट्रॅक्टर आडवा लावला गेला म्हणजे चांगल्या घरांचीही काय दैना होते, हे प्रत्येक गावाने पाहिलेले आहे.

बांधकामाचे नियम, म्हणजे चारी बाजूंना किती जागा सोडावयाची, उंची किती, शोषखड्डा कोठे, हे २०२० च्या डिसेंबरपासून राज्याच्या बऱ्याच भागाला लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत एकत्र सापडतात, आणि ते आपला वास्तुविशारद पाहतो. त्यात वाचकाने फार गुंतून राहण्याचे कारण नाही.

आदेश हाती आल्यावर

आदेश मिळाला म्हणजे काम संपले असे समजून तो पेटीत ठेवणारे अनेक आहेत. परवानगीप्रमाणे वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांच्या आत ती गोष्ट गावच्या अधिकाऱ्यामार्फत तहसीलदाराला कळवावी लागते; त्यानंतर आकारणी बसते, सनद निघते आणि सातबाऱ्यावर नोंद होते. ही शेवटची नोंद झाली की नाही, हे स्वतः उतारा काढून पाहावे. आदेश आहे पण सातबारा अजून शेतीचाच आहे, अशी अर्धवट प्रकरणे पुढे वारसांच्या गळ्यात पडतात. आणि परवानगीवाचून बांधलेच, तर ४५ व्या कलमाखाली दंड होतो आणि बांधकाम काढून टाकण्याचा हुकूमही निघू शकतो. शिक्षकाला आलेली नोटीस याच कलमाची होती. सुदैवाने त्याचे शेत गावठाणापासून २०० मीटरच्या आत निघाले. वाटप झाले, रक्कम भरली गेली, आणि गेल्या पावसाळ्याआधी त्याच्या घरावर स्लॅब पडला.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की, घराचा नकाशा काढून घेण्यापूर्वी आपल्या जमिनीचा सातबारा काढून त्यावरचे प्रत्येक नाव वाचावे, आणि वडीलधारी माणसे व बहिणी हयात आहेत तोवर वाटणी कागदावर आणावी. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक लागतो तो नाममात्र रकमेचा.